काळी सहाण

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा येतो. पांढरं लुगडं, उलटे पाय, पिंपळ, सगळं ठरलेलं. आमच्या घरात जे होतं ते कुणाच्या अंगात आलं नाही, कुणाकडे त्यानं कोंबडं मागितलं नाही. ते फक्त शोधायचं. दुपारची जेवणं होऊन घर जरा आडवं झालं की माजघरात पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजायचं. मग फळीवरचे डबे सरकायचे. मग थोडा वेळ काही नाही, कुणीतरी कमरेवर हात ठेवून विचार करत उभं असावं तसं. आणि पुन्हा झाकण.

माझी आई म्हणायची, "उंदरं हायेत." बाबा टोपी घालून दुकानात निघून जात. आणि मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, हातातलं काम थांबवून मान वर करायची आणि हळूच म्हणायची, "अजी, इकडं हाय. इकडं पाहा ना."

तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, पोलीस ॲक्शनच्या आधी काही दिवस घरातून, खरं तर घराकडे, गेले होते आणि परत आले नव्हते. त्यांचं प्रेत सापडलं नाही, बातमी आली नाही. मोठी आई कपाळभर कुंकू लावून त्यांची वाट पाहत होती. हे कुंकू ठेवायचं की पुसायचं, हा प्रश्न आमच्या घरात कितीतरी वर्षं कुणी तोंडानं विचारला नाही. तो विचारायची वेळ माझ्या लग्नामुळे आली. म्हणून ही गोष्ट मीच सांगितली पाहिजे.

आमचं गाव निजामाच्या मुलखातलं, पैनगंगेच्या अलीकडचं, तलमडुगुकडचं. वरच्या पावसावरचा कापूस, ज्वारी, आणि बाबांचं किराण्याचं लहानसं दुकान. मोठे बाबा मात्र लग्नानंतर लगेच रंगूनला गेले होते, सागवानाच्या ठेकेदाराकडे मुनशी म्हणून. सागाची पारख आमच्याकडच्या माणसांना असतेच. तिकडे लढाई पोचली, बॉम्ब पडायला लागले, तेव्हा हजारो लोकांबरोबर ते जंगलातून चालत निघाले आणि पाय सुजलेले, दाढी वाढलेली, अशा अवतारात एक दिवस ओट्यावर येऊन बसले. खांद्याला पत्र्याची पेटी होती. ब्रह्मदेशाहून माणूस आला म्हणजे सोनं आणलं असणार, म्हणून अर्धं गाव पेटीभोवती जमलं. पेटीत निघाला एक दगड.

तळहाताएवढा, काळा, गुळगुळीत. एका टोकाला पाणी साचेल एवढा खोलगट. त्याबरोबर कागदात गुंडाळलेल्या काही काळ्या कांड्या, बांबूच्या दांड्यांचे केसाळ कुंचले आणि वेळूच्या नळीत घातलेला तलम कागद. बाबा म्हणाले, "दादा, आपल्या नाल्यात दगड नोते काय?" गाव हसलं. मोठे बाबाही हसले. चेष्टेवर चिडायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

रंगूनला ते ज्या खोलीत राहत तिच्याखाली एका म्हाताऱ्या चिन्याचं कागदाचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो काळ्या शाईनं चित्रं काढत बसायचा आणि गिऱ्हाईक बहुतेक नसायचंच. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, तरी वर्षानुवर्षं संध्याकाळी मोठे बाबा त्याच्याशेजारी बसले आणि बघता बघता शिकले. पळापळ झाली तेव्हा म्हातारा दुकान सोडून हलायला तयार नव्हता. त्यानं हा दगड मोठ्या बाबांच्या हातात ठेवला आणि दाराबाहेर बोट दाखवलं. वाटेत लोकांनी भांडी टाकली, कपडे टाकले. मोठ्या बाबांनी दगड टाकला नाही.

आता मोठ्या आईची गंमत सांगते. पहिल्या दिवशी मोठ्या बाबांनी दगड आणि कांडी ओसरीवर मांडली आणि ते पाणी आणायला आत गेले. मोठी आई तिथे आली. तिला दिसली सहाण. शेजारी उगाळायची कांडी, आणि कांडीला कापराचा वास. कापूर त्या शाईच्या कांडीत मुळातच घातलेला असतो, पण हे तिला काय माहीत? कापराचा वास म्हणजे देवाचं काही असणार. ती मांडी घालून बसली, देवासाठी चंदन उगाळतात तशी ती काळी कांडी उगाळायला लागली, थेंबथेंब पाणी घालत, न दाबता, गोल गोल. मोठे बाबा लोटी घेऊन आले तो शाई तयार. त्यांनी कुंचला बुडवून कागदावर एक रेघ ओढली आणि बायकोकडे बघतच राहिले. त्यांना स्वतःला ते नीट जमायला फार दिवस लागले होते. नवशिका माणूस कांडी दाबतो, मग शाईत कणी राहते. हात तापातून उठलेल्या माणसासारखा हलका लागतो. मोठ्या आईचा हात लहानपणापासून चंदनानं वळवलेला होता. तेव्हापासून शाई उगाळायचं काम तिचं झालं.

भांडण एकच होतं. शाई झाली की ती दगड धुऊन देवघरात पांढऱ्या सहाणेशेजारी नेऊन ठेवायची. ते काढून पेटीत ठेवायचे, ती पुन्हा देवात. "अवं, ते चित्राचं हाय, देवाचं नाही." "कापराचा वास येते ना? मंग देवाचंच." एका सणाला तर तिनं दगडाला तेल, हळद, कुंकू लावलं. तेल दगडात मुरलं, शाई फुटायला लागली आणि मन लावून काढायला घेतलेल्या कागदावर तेलकट डाग पडला. मोठे बाबा तिच्यावर आवाज चढवून बोललेले मी तेवढे एकदाच ऐकले. तिनं डोळ्यांत पाणी आणून कबूल केलं की यापुढे दगड पेटीतच राहील. आणि तो पेटीतच राहिला, वर्षानुवर्षं. हे ध्यानात ठेवा.

चित्रं कसली काढत? सागाचं वाळकं पान. म्हशीच्या पाठीवरचा बगळा. नाल्याचं वळण. मी तेव्हा अगदी लहान होते, त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची. नाल्यात ते कधी काही काढत नसत, दोन काठ काढून मोकळे होत. मी विचारायची, "पानी कुठं हाय?" म्हणायचे, "सोडलं हाय ना." आणि खरंच, कागदाच्या त्या कोऱ्या पट्टीतून पाणी वाहायचं. बगळ्याचा डोळा ते सर्वांत शेवटी काढायचे. मी घाई करायची, "डोळा काढा ना." ते सांगायचे, "डोळा काढला का तो आपल्याले पाह्यते. मंग त्याच्यात हात घालता येत नाही." मग श्वास धरून एक ठिपका. पुन्हा त्या कागदाला ते शिवायचे नाहीत. ही शाई पुसता येत नाही, रेघेवर रेघ फिरवता येत नाही, हे मी अक्षर शिकायच्या आधी शिकले.

मग ते वाईट दिवस आले. निजामाचं राज्य जायला आलं होतं आणि जाता जाता काय करील सांगता येत नव्हतं. कुठल्या गावाला आग लागली, कुठे कुणाला ओढून नेलं, रोज नवीन ऐकायला यायचं. पावसाळा होता. एका सकाळी आम्हीही बैलगाडीत बसलो आणि पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात, पांढरकवड्याकडे नात्यातल्या माणसांच्या गावी गेलो. तिथे आधीच माणसांची दाटी होती. पुरुष जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये राहिले, बायकामुलं मारुतीच्या देवळात.

तिथे मोठ्या बाबांनी आपली पेटी उघडली. कुंचले होते, कांड्या होत्या, कागद होता. दगड नव्हता. ते बाबांना म्हणाले, "दगड घरीच राह्यला. जाऊन येतो."

बाबा म्हणाले, "येडा झाला का दादा? दगडासाठी?"

"रंगूनहून चालत आनला गा. आता पैनगंगेनं अडते काय?"

बायकोला त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं म्हणून. संध्याकाळी बाबा देवळाच्या पायरीशी आले आणि त्यांनीच तिला सांगितलं. मोठी आई तेव्हा खांबाच्या आडोशाला आमचे घरचे देव मांडत होती, दिवा लावायची वेळ होती. मी तिच्याजवळच होते. तिनं बाबांकडे वळून पाहिलं नाही. समोरच्या गाठोड्यावर तिनं घाईनं पदर टाकला, एवढं मला आठवतं. आणि पदराखाली काहीतरी काळं होतं.

पुढचं सगळ्या मुलखाला माहीत आहे. फौजा आल्या, राज्य गेलं, लोक परत फिरले. नदीला अजून पूर होता. बाबांनी दोन्ही काठांवर विचारलं. नाववाला स्वतःच पळालेला, त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. घरी पोचलो तर दार उघडं. माजघरात पेट्या सताड उघड्या, फळीवरचे डबे खाली, आईची लुगडी जमिनीवर. शेजारी म्हणाले, लुटलं. पण कणगीतल्या ज्वारीला हात लागला नव्हता आणि तांब्याचा हंडा जागच्या जागी होता. बाबा म्हणाले, चोरांना वेळ मिळाला नसेल. मोठी आई उंबऱ्यात कितीतरी वेळ उभी होती. मग तिनं सगळं स्वतः आवरलं, आईला एका डब्याला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना माजघरातल्या एका पेटीत दगड दिसला. "वहिनी, हा इथंच होता?"

"हाव," ती म्हणाली.

बाबांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. दगड घरात आहे याचा अर्थ त्यांच्या दृष्टीनं सरळ होता. दादा घरापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे नदीनं नेला, आणि आपण त्याला जाऊ दिलं. तेव्हापासून बाबांनी पैनगंगेचं पाणी तोंडात घेतलं नाही. आणि वहिनीशी बोलताना त्यांची मान जी खाली गेली ती वर आली नाही.

पेटीचं झाकण वाजायला लागलं ते त्याच सुमारास. आणि मोठी आई रोज सकाळी शाई उगाळायला लागली तीही तेव्हापासून. अंघोळ करायची, देवाचं चंदन उगाळायची, मग काळी सहाण मांडीपुढे ओढायची. शाई कुणासाठी नव्हती. ती तशीच खोलगटात काळी काळी दिवसभर राहायची आणि संध्याकाळी ती दगड धुऊन टाकायची. कापराचा तो वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, ताकाला सुद्धा लागला होता. गावातल्या बायका म्हणायच्या, बिचारीचं डोकं फिरलं. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर मोठ्या आईचाही यायचा. मला भीती वाटायची ना. दुपारी एकटं माजघरात जायची माझी छाती नव्हती आणि ती मात्र त्या आवाजाशी बोलत बसायची.

अशी वर्षं गेली. हैदराबादचं राज्य आधी हिंदुस्थानात आलं आणि मग भाषेवरून त्याचे वाटे झाले. आमच्याच जिल्ह्यातलं किनवट तिकडे, मराठीत गेलं, आम्ही इकडे, तेलुगूत राहिलो. शाळेत नवे मास्तर आले, त्यांनी भिंतीवर तेलुगू अक्षरं काढली. सगळी गोल. मोठे बाबा असते तर कुंचला घेऊन तिथेच बसले असते, असं मला वाटलं. बाबांना मात्र ती अक्षरं पाहून एवढंच सुचलं की पोरगी मराठी मुलखात द्यायची. मी लग्नाची झालेच होते. पांढरकवड्याकडचं स्थळ ठरलं.

बोलणी करायला आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्या आईच्या कपाळाकडे पाहत विचारलं, "हळद कोन लावन? तुमच्या घरची थोरली सवाष्ण हाय का नाई, ते आधी ठरवून घ्या." त्यांच्याशी माझं पुढे बरं जमलं, त्यांचं म्हातारपणही मीच केलं, पण ते वाक्य मी त्यांना कधी माफ केलं नाही.

प्रेत न मिळालेल्या माणसाचे दिवस कसे करायचे, याची आमच्यात रीत आहे. पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं, आणि त्याला अग्नी देतात. त्यासाठी बारा वर्षं वाट पाहायची असते, ती अजून झाली नव्हती. पण भटजींनी वाट काढली. बाबा मोठ्या आईसमोर उभे राहिले, जमिनीकडे पाहत म्हणाले, "वहिनी, दादाले मोकळं करू."

ती म्हणाली, "अजून कांडी हाय."

बाकीच्या कांड्या संपल्या होत्या. शेवटचीही झिजून बोराएवढी राहिली होती. बाबांना काय समजलं कोण जाणे. पण ते म्हणाले, "बरं. ते सरू द्या." आणि घर त्या काळ्या तुकड्याकडे डोळे लावून बसलं. सकाळी ती उगाळायला बसली की आई चुलीपुढून बघायची, बाबा अंगणातून बघायचे. मला ते पाहवेना. एका माणसाचं जगणं-मरणं बोराएवढ्या तुकड्यावर यावं, आणि त्या तुकड्याला घाई माझ्या लग्नाची! मी तणतणत दुसरी कांडी करायला घेतली. एरंडेलाच्या दिव्यावर खापर धरून काजळी जमवली, धावड्याचा डिंक भिजवून तीत मळला, देवघरातला कापूर कुटून घातला. पहिली कांडी वाळताना तडकली. दुसरी साधली. एका सकाळी ती मी मोठ्या आईच्या मांडीपुढे ठेवली.

तिनं ती नाकाशी नेली. "हे आपल्या घरचं हाय," ती म्हणाली.

"मंग? चालत नाही?"

"शाई म्हनून चालन वं. पर त्यायले हा वास वळखू नाही येनार."

मी म्हटलं, "कोणाले? काऊन असं करते तू? सांग तरी मले."

मग तिनं सांगितलं. शाई उगाळता उगाळता, हात न थांबवता सांगितलं.

"जायच्या सकाळी मी देव बांधून राह्यली होती. घाबरली होती. पेटीतून दगड काढला अन देवायच्या गाठोड्यात ठेवला. मले वाटलं, देवासंगं राह्यला तं सुखरूप राहीन. त्यायनं रागावलं होतं मांगं, म्हनून बोलली नाई. भाऊजी येऊन सांगत होते का दादा दगड आनाले गेला, अन दगड माह्या म्होरं. पदराखाली." हात गोल फिरत होता. "घरी आलो तवा तू पाह्यलं ना? ज्वारीले हात नाई. हंडा तिथंच. चोर असं करते काय? पेट्या उघडल्या, डबे काढले, आपल्या लुगड्याच्या घड्या उलगडल्या. घरचंच मानूस होतं ते. ते पोचले होते वं घरी. दगड असता तं घेतला असता अन लगेच फिरले असते. नव्हता, म्हनून शोधत बसले. किती येळ शोधलं असन? अन तेवढ्यात कोन आलं असन?"

माझ्या पाठीमागे माजघर होतं आणि त्यात पेटी होती.

"अजून शोधून राह्यले," ती म्हणाली. "म्हनून उगाळतो मी. शाईचा वास पोचला का समजन त्यायले, सापडला म्हनून. मंग शोधनं सोडतीन."

इतकी वर्षं मी समजत होते की ही नवऱ्याची वाट बघते. ती त्यांना थांबवायला बघत होती. मी रडले. मग नेहमीसारखी चिडले. "बाबाले काऊन नाई सांगितलं? त्यायले वाटते त्यायनंच मोठ्या बाबाले नदीत धाडलं."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "रोज ठरवतो, आज सांगीन. तोंड उघडत नाई."

कांडी संपायच्या आधी तिनं स्वतःच बाबांना निरोप दिला, माझ्या तोंडून. दिवस धरा म्हणून. एक तुकडा तेवढा तिनं राखून ठेवला.

विधी पैनगंगेवर होता. हिवाळ्यातली सकाळ, पाणी उतरलेलं, वाळू उघडी पडलेली. अशा कामाला आमच्यात बाया जात नाहीत. ती निघाली आणि मी तिच्या मागोमाग, आणि बाबांनी कुणाला अडवू दिलं नाही. भटजींनी पळसाची पानं मांडली, हात, पाय, छाती. वर शेंडी काढलेला नारळ ठेवला. मोठ्या बाबांचे खांदे रुंद होते. हा माणूस अगदीच किडकिडीत दिसत होता.

मोठ्या आईनं पदरातून दगड आणि एक कुंचला काढला. ओंजळीतून नदीचं पाणी घातलं आणि उरलेला तुकडा उगाळायला बसली. बोटाच्या पेरात धरता येईना एवढा तो बारीक झाला, मग तिनं तो अंगठ्यानं चोळला, मग नुसता अंगठाच फिरत राहिला. वाळूवर कापराचा वास पसरला.

"याले डोळे नाई," ती म्हणाली.

भटजी म्हणाले, "बाई, शास्त्रात डोळे नाहीत."

"डोळ्याबगर त्यायले दिसन कसं?" तिनं कुंचला माझ्या हातात दिला. "तू काढ. मले येत नाई."

मला तरी कुठे येत होतं? पण मी वाळूत गुडघे टेकले, श्वास धरला. एक डोळा. मग दुसरा. शाई नारळात मुरली आणि तो नारळ आमच्याकडे पाहू लागला. मी कुंचला खाली ठेवला. आता त्याच्यात हात घालता येणार नव्हता.

मोठ्या आईनं तो दगड पळसाच्या हातावर ठेवला. पानं चेपली गेली. ती त्या डोळ्यांकडे पाहून म्हणाली, "हा घ्या. देवात होता. मीच ठेवला होता. आता शोधू नोका."

बाबा मडकं घेऊन मागे उभे होते. त्यांच्या हातातून ते मडकं कसं पडलं नाही, देव जाणे. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजे दादा घरी पोचला होता," ते म्हणाले.

"हाव, भाऊजी."

"नदीत नाई गेला."

"नाई."

मग बाबा पोरासारखे रडले. त्यांना सुटल्यासारखं झालं की भावाचा मृत्यू आणखी कुठल्या तरी अनोळखी जागी जाऊन पडला म्हणून, हे मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी अग्नी दिला. पळसाची पानं धूर करत जळली, सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. मोठ्या आईनं परत निघताना नदीच्या पाण्यानं स्वतःच कपाळ धुतलं. कुणाला पुसू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. दगड राखेत होता, मधून तडकलेला पण अख्खा. दगडच तो. बाबांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "वहिनी, घरी न्यायचा?" तिनं नाही म्हणून मान हलवली. बाबांनी कमरेइतक्या पाण्यात जाऊन तो राखेबरोबर सोडला, आणि बाहेर येताना ते इतक्या वर्षांनी त्या नदीचं ओंजळभर पाणी प्यायले.

त्या दुपारी जेवणं झाली. घर आडवं झालं. मी ओसरीत डोळे मिटून कान देऊन पडले होते. झाकण वाजलं नाही. डबे सरकले नाहीत. आईसुद्धा जागी होती, मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उंदरं गेले वाटते." तिचा आवाज मला ओळखू आला नाही. ज्याची मी जन्मभर भीती बाळगली ते गेलं होतं आणि मला हुंदका आवरेना. मोठे बाबा त्या दिवशी खरे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी आई अंघोळ करून देवघरात आली. कपाळ उघडं, ओल्या केसांचं पाणी मानेवर. तिनं देवांचं चंदन उगाळलं, गंध लावलं, फुलं वाहिली. मग तिचा हात सवयीनं डावीकडे गेला, जिथे काळी सहाण असायची तिथे, आणि जमिनीवर नुसताच गोल फिरला. दोनदा फिरून थांबला. मी दारात उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"आता सकाळची मी काय करू वं?"